टेक्नोला गाव आहे

मुंबई, पुणे आणि गोव्यात टेक्नोच्या पार्ट्या भरवणारे आयोजक आणि त्या वाजवणारे डीजे यांस,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात, नावाने नाही. स्टेजच्या डाव्या अंगाला काळ्या टी-शर्टात केबल गुंडाळत उभा असतो, तो मी. पंचवीस वर्षं साउंडचं काम करतोय. तुमचे सब, म्हणजे जाड आवाजाचे स्पीकर, मी लावलेत, मॉनिटरची शिट्टी मी बंद केलीय, वेळ संपल्यावर आवाज खाली आणायचं अप्रिय कामही माझ्याच वाट्याला आलंय. तुमच्याशी माझं भांडण नाही. तुम्ही वाजवता त्या टेक्नोवर, यंत्रांवर घडवलेल्या त्या नाचाच्या संगीतावर, माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून लिहितोय.

मागच्या हिवाळ्यात एका कार्यशाळेत साउंड माझा होता. बारावीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, टेक्नो आला कुठून?" शिकवणाऱ्याने जराही न थांबता सांगितलं, "बर्लिनहून." मुलाने वहीत लिहून घेतलं. मी पाच फुटांवर मिक्सरपाशी बसलो होतो. मला उत्तर माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं अजून सलतं.

टेक्नो डेट्रॉइटचा आहे, अमेरिकेतल्या मोटारींच्या कारखान्यांच्या शहराचा. तो काळ्या मुलांनी केला. त्यांनी तो का केला हे कळलं की तीच बेसलाइन वेगळी ऐकू येते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

डेट्रॉइटच्या बाहेर बेलव्हिल नावाचं लहान गाव आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या शाळेत तीन मुलं होती: हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन. गोऱ्यांची वस्ती जास्त, काळी मुलं मोजकी, त्यामुळे तिघं एकमेकांना धरून राहिले. रात्री डेट्रॉइटच्या रेडिओवर चार्ल्स जॉन्सन नावाचा निवेदक यायचा. स्वतःला तो 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' म्हणवून घ्यायचा आणि लोकांना चेहरा दाखवायचा नाही. कार्यक्रमाची सुरुवात तो अंतराळयान उतरवून करायचा. ऐकणाऱ्यांना सांगायचा, घरापुढचे दिवे लावा, गाडीत असाल तर हॉर्न वाजवा, यान खाली येतंय. आणि लोक खरंच दिवे लावायचे, हॉर्न वाजवायचे. कारखाने बंद पडत चाललेल्या शहरात रात्री आभाळातून काहीतरी आपल्यासाठी उतरतंय, असं वाटायला लावणारा तो माणूस. त्याच्या कार्यक्रमात गायक प्रिन्स, पार्लमेंट नावाचा बँड आणि जर्मनीचा इलेक्ट्रॉनिक बँड क्राफ्टवर्क शेजारी शेजारी वाजायचे. क्राफ्टवर्कचं ऋण या मुलांनी कधीच लपवलं नाही. पण ऋण घेतलं म्हणून घर सावकाराचं होत नाही.

१९८१ साली ॲटकिन्सने व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या रिक डेव्हिसबरोबर 'सायबोट्रॉन' या नावाने पहिली तबकडी काढली. कंपनीची वाट न बघता स्वतःचं लेबल केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'डीप स्पेस'. 'टेक्नो' हा शब्द त्याने भविष्याबद्दल लिहिणाऱ्या आल्विन टॉफलरच्या पुस्तकातून उचलला. त्यात यंत्रयुगाला आपल्या अटींवर वापरणाऱ्या बंडखोरांची कल्पना होती. १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये डेट्रॉइटच्या या कलाकारांचा संग्रह निघाला, तेव्हा आधी त्याला शिकागोच्या हाउस संगीताचा भाऊबंद म्हणून विकायचं ठरत होतं. ॲटकिन्सच्या 'टेक्नो म्युझिक' या गाण्यामुळे नाव बदललं आणि 'टेक्नो' हा शब्द त्यानंतर जगभर गेला.

आता मोजोच्या त्या यानाकडे येतो, कारण ते त्याने शून्यातून आणलं नव्हतं.

१९७५ च्या अखेरीस जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट या बँडने 'मदरशिप कनेक्शन' काढला. क्लिंटन न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डमध्ये केशकर्तनालय चालवायचा. तिथे केस कापता कापता गाणी बसायची. त्याचं म्हणणं साधं होतं: काळा माणूस जिथे दिसेल अशी कुणी कल्पनाही करत नाही, तिथे त्याला बसवायचं. म्हणून अंतराळयानात बसवला, आणि तोही रुबाबात, जणू गल्लीतल्या लांबलचक कॅडिलॅकमध्ये बसलाय. १९७६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या स्टेजवर धूर आणि दिव्यांच्या झोतात ते अवाढव्य यान पहिल्यांदा उतरलं. नंतर घडवलेली त्याची प्रतिकृती आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. यान उतरायच्या आधी गायक जी ओळ पुन्हा पुन्हा गातात ती आहे रथाला खाली बोलावण्याची. ती ओळ गुलामांच्या भजनांतून आलेली आहे. शेतात राबणारी माणसं गायची, रथा, खाली झुलत ये, मला घरी ने. तुकोबांना न्यायला वैकुंठाहून विमान आलं हे आपण कीर्तनात ऐकत मोठे झालो, त्यामुळे ती ओळ मला कधी परकी वाटली नाही. फरक एवढाच की त्यांच्या 'घरी' या शब्दात देव होता तशीच पळून जाण्याची वाटही होती.

यानाचा माग आणखी मागे न्यायचा तर सन रा हा जॅझ वादक लागतो, आणि इथे मला थोडं रेंगाळू द्या. १९१४ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये हर्मन ब्लाउंट नावाचा मुलगा जन्मला, तोच पुढचा सन रा. बागा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, दवाखाने वेगळे असं ते शहर. दुसऱ्या महायुद्धात त्याने बंदूक धरायला नकार दिला, म्हणून तुरुंगात गेला. १९५२ मध्ये शिकागोत त्याने कायदेशीररीत्या नाव बदललं आणि आयुष्यभर सांगत राहिला, मी पृथ्वीवरचा नाही, मी शनीवरून आलोय. लोक हसले. वेडा म्हणाले. मला तो अतिशय शहाणा वाटतो. ज्या गावाने तुला माणसांत मोजलं नाही, त्या गावाला आपलं जन्मगाव का म्हणायचं? काळ्या अमेरिकी माणसाचं आडनाव कितीदा तरी पूर्वजांच्या मालकाचं असायचं. ते टाकून त्याने इजिप्तच्या सूर्यदेवाचं नाव घेतलं. वाद्यवृंदाचं नाव ठेवलं 'आर्केस्ट्रा', पण त्यात 'आर्क' म्हणजे नौका दडवली. तबकड्या स्वतःच्या 'सॅटर्न' लेबलवर काढल्या, कितीतरी वेष्टनं हाताने रंगवली. १९७१ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात त्याने विश्वातला काळा माणूस या विषयाचा वर्ग घेतला.

पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये त्याच्या सिनेमाचं चित्रीकरण झालं. त्यात तो काळ्या तरुणांच्या एका अड्ड्यावर अचानक प्रकट होतो. झगमगीत पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण. पोरं टर उडवतात, तू खरा आहेस का म्हणून विचारतात. तो सांगतो, मी खरा नाही, तुमच्यासारखाच आहे. या समाजात तुम्हीही नाहीच आहात, असतात तर तुमच्या लोकांना समान हक्क मागत फिरावं लागलं नसतं. मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा पडदा थांबवून बराच वेळ बसलो होतो. त्यानंतर परग्रहवासी हा मला पोशाख वाटलाच नाही.

या सगळ्याला 'आफ्रोफ्युचरिझम' हे नाव फार उशिरा, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळालं. मार्क डेरी या गोऱ्या टीकाकाराने काळ्या लेखक-विचारवंतांच्या मुलाखती घेताना ते वापरलं. त्याच मुलाखतींत ग्रेग टेट या काळ्या समीक्षकाने मांडलेला विचार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: विज्ञानकथाकार जो परकेपणा कल्पनेने रचतात, तो काळी माणसं रोज जगतात. अनोळखी जीव येतात, तुम्हाला उचलून जहाजात कोंबतात, अथांग पोकळी ओलांडून दुसऱ्या जगात नेतात. तिथे तुमची भाषा, नाव, देव काढून घेतात आणि तुमच्या शरीरावर प्रयोग करतात. हे कथानक वाटतं, पण हे घडलंय. सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून जहाजांत चढवली गेली. पलीकडे जिवंत उतरली ती सुमारे एक कोटी सात लाख.

जी मधल्या समुद्रात राहिली, त्यांच्यापाशी ड्रेक्सिया येते.

तुमच्यातले कितीतरी जण ड्रेक्सिया वाजवतात. ती जोडगोळी जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड यांची, डेट्रॉइटची. स्टिन्सन हयात असेपर्यंत त्यांनी स्वतःला जवळजवळ लपवूनच ठेवलं. स्टिन्सन २००२ मध्ये गेला. १९९७ च्या 'द क्वेस्ट' या संग्रहाबरोबर त्यांनी एक टिपण छापलं. त्यात प्रश्न आहे: गर्भ आईच्या पोटात पाण्यातच जगतो, मग आजारी, त्रासदायक माल म्हणून ज्या गरोदर आफ्रिकी बायकांना जहाजांवरून समुद्रात फेकलं, त्यांनी पाण्याखाली अशी बाळं जन्माला घातली असतील का, ज्यांना हवेची गरजच पडली नाही? ड्रेक्सिया म्हणजे त्या बाळांचा समुद्रतळाचा देश. ही कल्पना ज्या पायावर उभी आहे तो पाया खोटा नाही. १७८१ मध्ये 'झाँग' या जहाजावरून १३० हून अधिक माणसं जिवंत समुद्रात ढकलली गेली आणि मालकांनी विम्याचे पैसे मागितले. लंडनच्या न्यायालयात वाद चालला तो खुनाचा नव्हता, मालाच्या नुकसानीचा होता.

पुढच्या वेळी ड्रेक्सियाची तबकडी लावाल तेव्हा तो बुडबुड्यांचा आवाज, ती पाण्याखालून आल्यासारखी किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, ऐका. आपल्याकडे पिंड पाण्यात सोडतात, तसं काहीतरी त्या आवाजात चाललंय असं मला वाटतं. पण तिथे मेलेल्यांना निरोप नाही. तिथे मेलेले जगतात, फौज उभी करतात, परत येतात.

त्याच संग्रहात चार नकाशे आहेत. पहिला गुलामांच्या व्यापाराचा. दुसरा दक्षिणेतल्या खेड्यांतून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघालेल्या काळ्या माणसांचा. तिसरा १९८८ चा: टेक्नो डेट्रॉइट सोडून जगभर पसरतोय. चौथा भविष्यातला, घरी परतण्याचा. मी तिसऱ्या नकाशावर फार विचार केलाय. संगीत जगभर गेलं हा आनंदाचा क्षण. तो त्यांनी गुलामगिरी आणि स्थलांतराच्या ओळीत का बसवला असेल? मला वाटतं, पुन्हा एकदा काहीतरी उचलून नेलं जातंय आणि जाताना त्याचं नाव पुसलं जातंय, हे त्यांना दिसत होतं.

आणि तसंच झालं. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये साडेसहा लाखही उरली नाही. १९६७ च्या वांशिक उद्रेकात ४३ माणसं मेली. गोरे उपनगरांत गेले, कारखाने हलले, उरलेल्यांत यंत्रमानव आले. ॲटकिन्स एकदा म्हणाला होता की डेट्रॉइटच्याच मोटाउन कंपनीच्या संगीतापेक्षा मला फोर्डच्या कारखान्यातल्या रोबोंमध्ये जास्त रस आहे. आधीच्या पिढीचा घास ज्या यंत्राने काढला, त्याच यंत्राला या पोरांनी गायला लावलं. रोलंड कंपनीचे ठेका वाजवणारा ८०८ आणि बेस वाजवणारा ३०३ हे तेव्हा बाजारात पडलेले, जुन्या मालाच्या दुकानात मिळणारे डबे होते. गावात ऐकणारे कमी, विकत घेणारे त्याहून कमी. तबकड्या खपल्या लंडन, मँचेस्टर, बर्लिनमध्ये. भिंत पडल्यावर बर्लिनच्या एका जुन्या तिजोरीघरात 'ट्रेझर' क्लब उघडला, तेव्हा त्याच्या लेबलची पहिली तबकडी डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या टेक्नो गटाच्या मंडळींची होती. त्या काळच्या बर्लिनवाल्यांनी हे नातं लपवलं नाही, उलट अभिमानाने मिरवलं. पण पुढे गर्दी वाढत गेली तशी गोष्ट आखूड होत गेली. अमेरिकेतल्याच कितीतरी काळ्या मुलांना टेक्नो हे गोऱ्यांचं संगीत वाटू लागलं. ज्यांनी परकेपणावर औषध म्हणून ते घडवलं, त्यांच्या पोरांना तेच परकं झालं. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनची टेक्नो संस्कृती देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. त्यांच्या वारशाबद्दल मला आकस नाही. पण ती बातमी आपल्याकडे फिरली तेव्हा मला आलेल्या एकाही मेसेजमध्ये डेट्रॉइट हा शब्द नव्हता.

तुमच्या पडद्यावर मी परग्रहवासी पाहतो. मुखवटे पाहतो, यानं, यंत्रमानव, निळं पाणी. हे कुणाचं आहे? मुखवटे माइक बँक्स आणि त्याच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्सने घातले, कारण कंपन्यांना चेहरे विकायचे होते आणि यांना संगीत पुढे ठेवायचं होतं. यंत्रमानव जनेल मोने या काळ्या अमेरिकी गायिकेच्या गाण्यांत २००७ पासून आहे: माणसावर प्रेम केलं म्हणून जिची शिकार होते अशी सेवेसाठी बनवलेली बाई. मोनेची आई सफाई कामगार, वडील कचऱ्याच्या गाडीवर. ती कितीतरी वर्षं फक्त काळे-पांढरे कपडे घालायची, आईवडिलांच्या गणवेशाचा मान म्हणून. ही चित्रं घेताना माणसं गाळली की मागे उरते ती नुसती सजावट.

मला हे एवढं का लागतं, तेही सांगतो. माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. भोंगा बंद झाला आणि चाळीला वेळ कळेनाशी झाली. पुढे मामाच्या लाउडस्पीकरच्या धंद्यात शिरलो. तिथेही भोंगेच होते, गणपतीचे, लग्नाचे. आज लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात मी तुमच्यासाठी सब लावतो तेव्हा किक सुरू होताच मला साचे ऐकू येतात. खोलीतल्या कुणालाही ते माहीत नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कुणी सांगितलेलंच नाही. गोव्यातल्या मित्रांना तर हे मी सांगायला नको. तुमच्या गावाचं नाव जगभर 'गोवा ट्रान्स' या संगीताला चिकटलं. हणजुण्याच्या किनाऱ्यावर ज्यांची घरं, ती माणसं त्या गोष्टीत कुठे असतात?

त्याच १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने तेच ८०८ आणि ३०३ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबकडी तेव्हा कुणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जग चकित झालं. ती अप्रतिम आहे, जरूर वाजवा. पण तिच्या जोरावर 'हे संगीत तर आमचंच' असं म्हणणारे लोक मला भेटतात, तेव्हा मी हात जोडतो. डबा तोच असेल. यान बांधायची गरज ज्यांना पडली, ते लोक वेगळे होते.

आणि मराठी माणसाने तरी हे विसरू नये. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळे अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. त्याच डू बॉइस यांनी १९२० मध्ये एक विज्ञानकथा छापली होती, धूमकेतूने न्यूयॉर्क संपल्यावर एक काळा माणूस आणि एक गोरी बाई एकमेकांना प्रथमच माणूस म्हणून बघतात ती. सन रा ओकलंडमध्ये चित्रीकरण करत होता त्याच १९७२ साली, ओकलंडच्याच ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण या लोकांना पूर्वीपासून ओळखतो. त्यांची गाणी मात्र त्यांचं नाव न घेता वाजवतो.

तर माझं मागणं असं. पोस्टरवर 'बर्लिनचा आवाज' लिहिता तिथे, खरं असेल तेव्हा, डेट्रॉइट लिहा. कार्यशाळेचा पहिला तास बेलव्हिलचा ठेवा, सॉफ्टवेअर दुसऱ्या तासाला उघडा. ड्रेक्सिया, ॲटकिन्स, अंडरग्राउंड रेझिस्टन्स यांच्या तबकड्या त्यांच्या लेबलांकडून विकत घ्या, फुकट उतरवू नका. तुमच्या एका रात्रीच्या धुराच्या मशीनच्या भाड्यापेक्षा ते स्वस्त आहे. परदेशी पाहुणा बोलवायचं बजेट असेल त्या वर्षी एकदा तरी डेट्रॉइटचा काळा कलाकार बोलवा, आणि त्याला वाजवण्याआधी अर्धा तास बोलू द्या. वाजवता वाजवता माइक घेऊन नाव सांगायला लाज वाटत असेल तर पडद्यावर लिहा. अक्षरं मोठी ठेवा, मागच्या रांगेतून दिसली पाहिजेत.

बारावीतला तो मुलगा कोण, मला माहीत नाही. त्याच्यासाठी एक संध्याकाळ करायची आहे. नाच नाही, नुसतं ऐकणं: आधी रथाचं जुनं भजन, मग सन रा, मग मदरशिप, सायबोट्रॉन, आणि शेवटी 'द क्वेस्ट', चार नकाशे पडद्यावर लावून. जागा तुमच्यापैकी कुणीही द्या. साउंड माझा, भाडं घेणार नाही, टेम्पोचा खर्चही मीच करीन. संध्याकाळी सहाला साउंड चेक, सातला सुरुवात.

आपला,
लालबागचा एक साउंडवाला